घरातल्या कुंड्यांवर लाल कोळी: कोळीनाशक फवारायचं तर कसं?

बाल्कनीवाली
नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला दुसऱ्या मजल्यावर राहते. हॉलमध्ये अरेका, दोन क्रोटॉन, अलोकेशिया आणि मनीप्लँट आहे. मार्च संपत आला तसं अलोकेशियाच्या पानांवर पिवळे बारीक ठिपके पडायला लागले. आता पान आणि देठाच्या बेचक्यात जाळी धरलीय. निंबोळी तेल मारून झालं, थोडे दिवस बरं दिसतं आणि परत तेच. यजमानांनी मार्केट यार्डाकडच्या एका कृषी सेवा केंद्रातून स्पायरोमेसिफेन नावाच्या कोळीनाशकाची छोटी बाटली आणली. दुकानदार म्हणाला, "पंपाला 12 मिली." माझ्याकडे पंप नाही, अर्ध्या लिटरची फवाऱ्याची बाटली आहे. घरात दीड वर्षाची नात रांगते, दिसेल ते तोंडात घालते. गॅलरीत बजरिगर आहेत. हे औषध घरात मारावं का? मारायचं तर कसं?

मास्तर_मुरारजीपेठ
आधी खात्री करा की कोळीच आहे, म्हणजे भिंतीवरचा नव्हे, पानाचा रस शोषणारा बारीक लाल कोळी. पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीनं झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी. बोटानं पुसल्यावर तांबूस-हिरवट रेघ उठते. ठिपके जागचे हलले नाहीत तर ती सोलापूरची धूळ, तिला औषध नाही.

चहाबाज_नवीपेठ
मास्तर, धुळीला औषध असतं तर महापालिकेनं टेंडर काढलं असतं.

सांगोल्याचा_डाळिंबवाला
ताई, एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कोळी हा किडा नाही. त्याला आठ पाय, तो कोळ्या-विंचवांच्या घरातला. म्हणून मावा, तुडतुड्यांची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. त्यातही इमिडाक्लोप्रिड मारलं की कोळी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्याचं बऱ्याच पिकांत दिसलंय. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडं मारली तर कोळ्याला खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि ह्याला रान मोकळं होतं. तुम्ही आणलेलं स्पायरोमेसिफेन कोळ्याचंच आहे, म्हणजे दुकानदारानं दिशाभूल केलेली नाही. पण ते अंड्यांवर आणि पिल्लांवर जास्त चालतं, मोठा कोळी लगेच पडत नाही. तिसऱ्या दिवशी "काहीच झालं नाही" म्हणून डबल डोस मारणारे लई बघितले. आठवडाभर तरी थांबा.

फार्मसीवाला
12 मिलीचं गणित बरोबर आहे. वांग्यावरच्या लाल कोळ्यासाठी लेबलवर हेक्टरी 400 मिली, 500 लिटर पाण्यात असं दिलेलं असतं. म्हणजे लिटरला 0.8 मिली. पंधरा लिटरच्या पंपाला 12 मिली तिथूनच येतं. तुमच्या अर्ध्या लिटरला 0.4 मिली. टोपणानं किंवा चमच्यानं हे मोजताच येणार नाही. मेडिकलमधून 1 मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका आणि 0.4 च्या रेघेपर्यंत ओढा.

बाल्कनीवाली
सासूबाईंची इन्शुलिनची सिरिंज आहे घरात. ती चालेल ना?

फार्मसीवाला
अजिबात नको. एक तर त्यावर मिली नसतात, युनिट असतात. आपल्याकडे 40 युनिटची आणि 100 युनिटची अशा दोन्ही सिरिंज मिळतात. 40 च्या सिरिंजमध्ये 0.4 मिली म्हणजे 16 युनिट, 100 च्या सिरिंजमध्ये 40 युनिट. गफलत झाली तर डोस अडीच पट इकडे-तिकडे. दुसरं म्हणजे ती सिरिंज चुकून परत इन्शुलिनच्या डब्यात गेली तर? वेगळी सिरिंज आणा, तिला लाल चिकटपट्टी लावा आणि औषधाच्या बाटलीसोबत कुलपात ठेवा. सिरिंजला दहा रुपयेही लागत नाहीत.

मास्तर_मुरारजीपेठ
माझं मत वेगळं आहे. पाच कुंड्यांसाठी शेतातलं औषध घरात आणायचंच कशाला? कोळ्याला कोरडं, गरम आणि धुळीचं आवडतं. म्हणजे एप्रिल-मेमधलं सोलापूर त्याचं सासर आणि माहेर दोन्ही. उन्हाळ्यात अंड्यापासून मोठा कोळी व्हायला एक आठवडा पुरतो. त्यामुळे एकदा धुऊन भागत नाही. दर चार-पाच दिवसांनी पानं खालून, वरून, देठासकट जोराच्या पाण्यानं धुवायची. महिनाभर हे नेमानं केलं तर बहुतेक झाडं सावरतात. धुण्याच्या मधल्या दिवसांत पोटॅशचा साबण लिटरला 5 मिली घालून पानांच्या खालच्या बाजूला फवारायचा. भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबण नको, पानं जळतात.

चहाबाज_नवीपेठ
दर चार दिवसांनी जोराच्या पाण्यानं धुवा म्हणे. मास्तर, आमच्याकडे नळालाच इतक्या दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी माणसं आंघोळ करतील का अरेका?

मास्तर_मुरारजीपेठ
अरेकाला आधी, आंघोळीचं पाणी बादलीत धरून मग कुंडीला. आम्ही असंच करतो. आणि अडचण पाण्याची नाही, नेमाची असते.

होटगीरोडची_सुमा
मास्तरांचं पटतं, पण सगळ्या झाडांना ते जमत नाही. माझ्या अरेकाची झावळी बारीक, पानं शेकडो. एकेक पान खालून धुवायचं म्हटलं तर संध्याकाळ जाते. आणि तो पाण्याचा मारा बाथरूममध्ये केला की माती खाली, नाली चोंदते, मग नवऱ्याचं तोंड. मनीप्लँट, रबर प्लँट असली रुंद पानं ओल्या फडक्यानं पुसून साफ होतात. अरेका आणि क्रोटॉनच्या वळलेल्या पानांत कोळी लपतो.

बंगळुरूहून_सोलापूरकर
आमच्या सोसायटीत एकीनं झुरळांचा स्प्रे मारला होता अलोकेशियावर. त्यातल्या तेलाच्या द्रावणानं पानं दोन दिवसांत काळी पडली आणि कोळी शेजारच्या झाडावर.

माळकवठेकर
एवढं काय त्यात. आमच्या रानात थिमेटचे दाणे पडून आहेत, कुंडीत चिमूटभर टाका, झाड आतून औषध घेतं. कोळी गुल.

सांगोल्याचा_डाळिंबवाला
दादा, हे घरातल्या कुंडीत? जिथं पोर मातीत हात घालतं तिथं? थिमेट म्हणजे फोरेट. अतिविषारी म्हणून त्यावर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे. घराच्या कोपऱ्यात पडलेलं असेल तर कुणाला देऊ नका, उघडून बघू पण नका. आणि "थोडंसंच" म्हणून चालत नाही. त्या औषधाचं थोडंसंच पुरतं.

आयसीयूतली_सिस्टर
ह्याला माझा पण दुजोरा. फोरेट, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सगळी एका जातीची. शरीरात गेली की घाम, लाळ, उलट्या, बाहुली टाचणीएवढी बारीक होते, श्वास अडकतो. अशा केसमध्ये नातेवाईक "काहीतरी शेतातलं औषध" एवढंच सांगतात आणि आमचा वेळ जातो. बाटलीचं लेबल, निदान त्याचा फोटो, सोबत आणा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. मीठपाणी, दूध, ताक काही पाजू नका. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं तर 15 मिनिटं तरी वाहत्या पाण्यानं. आणि 108 ला फोन.
माहीत असावं म्हणून सांगते, दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, 1800 116 117, टोल फ्री. डॉक्टरही तिथं विचारतात.

माळकवठेकर
बरं बरं, मागं घेतो. पण वडील वीस वर्षं हातानं टाकत होते.

आयसीयूतली_सिस्टर
तुमच्या वडिलांचं नशीब चांगलं होतं, दादा. 2017 मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना वीसहून जास्त माणसं दगावली. ती उघड्या रानात होती, हॉलमध्ये नव्हे.

जुनीमिल_अण्णा
माझ्याकडं मामांनी द्राक्षाच्या बागेतून दिलेली डायकोफॉलची बाटली आहे, अर्धी. कोळ्यावर एक नंबर म्हणतात. तीच मारू का?

सांगोल्याचा_डाळिंबवाला
एक नंबर होती, खरंय. डीडीटीपासूनच बनायचं ते. घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात 2019 ला त्याचं नाव आलं आणि आपल्याकडं 2023 ला त्यावर बंदी आली. जुन्या बाटलीतलं औषध किती टिकलंय हेही कळत नाही. घरात तर नकोच.

सुभाष_विजापूररोड
मग नेमकं मारायचं काय, हे कुणी सांगत नाही. सगळे नको नकोच म्हणतायत.

सांगोल्याचा_डाळिंबवाला
सांगतो. बाजारात कोळ्याची औषधं बरीच आहेत: प्रोपरगाइट, फेनाझाक्विन, अबामेक्टिन, हेक्झिथायझॉक्स, स्पायरोमेसिफेन, पाण्यात मिसळणारं गंधक. शेतात सगळी कामाची. घरच्या कुंडीच्या दृष्टीनं दोन गोष्टी बघायच्या.
बाटलीवर ईसी लिहिलंय की एससी. ईसी म्हणजे औषध तेलकट द्रावणात विरघळवलेलं, पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं. त्याला वास जास्त, आणि नाजूक पानावर ते ऊन असताना पडलं तर चट्टे. एससी म्हणजे बारीक कण पाण्यात तरंगते ठेवलेले, त्याला तसा वास कमी. स्पायरोमेसिफेन एससी येतं. प्रोपरगाइट, फेनाझाक्विन, अबामेक्टिन बहुतेक ईसीत मिळतात.
दुसरी गोष्ट, बाटलीवरचा रंगीत त्रिकोण. लाल सगळ्यात जास्त विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. घरासाठी लाल-पिवळ्याला हातच लावायचा नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ काढू नका, एवढंच.
गंधकाचं वेगळं सांगतो. स्वस्त आहे, शेतात मारतोच आपण. पण पारा 32 च्या वर गेला की गंधकानं पानं करपतात, आणि सोलापूरला एप्रिलमध्ये पारा 40 ओलांडतो. त्यातून ताईंनी निंबोळी तेल मारलंय. तेलानंतर दोन-तीन आठवडे गंधक मारायचं नसतं.

सुभाष_विजापूररोड
हे उपयोगी. धन्यवाद.

फार्मसीवाला
आणि ह्या सगळ्या लेबलांवर वांगी, मिरची, चहा, गुलाब, द्राक्ष अशी पिकं लिहिलेली असतात. हॉलमधल्या अरेकाचं नाव त्यात सापडत नाही. म्हणजे घरात मारून कुणी बघितलंय, किती तास खोली बंद ठेवायची, हे त्या लेबलावर नाही. ते आपण आपल्या जबाबदारीवर करतोय.

होटगीरोडची_सुमा
म्हणूनच घरात मारायचं नाही! कुंडी बाहेर न्यायची. आम्ही गच्चीवर नेतो.

चहाबाज_नवीपेठ
गच्चीवर? ह्या दिवसांत? आमच्या गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, शेजारच्या काकूंची मिरची. तिथं कोळीनाशक मारलं तर आधी काकू आपल्याला मारतील.

होटगीरोडची_सुमा
हसू नका, हे खरंच बघायचं असतं. वाळवण उठवलेलं असेल तेव्हाच. टाकीचं झाकण बसलेलं आहे का ते बघा, आमच्या अर्ध्या टाक्यांना झाकणं नाहीत. वारं तुमच्याकडून कपड्यांच्या दोरीकडे असेल तर तो दिवस सोडून द्या. आणि सकाळी सातच्या आतच. आठनंतर ऊन चढतं, पानावर औषध वाळायच्या आधी पान भाजतं.

बाल्कनीवाली
गच्ची आमच्या सोसायटीत कुलूपबंद असते, पण किल्ली मिळेल. बजरिगर मात्र गॅलरीतच राहतील. चालेल ना?

पिंजरा_पाळणारा
बजरिगर आत न्या, कुंड्या वाळून परत येईपर्यंत. पक्ष्यांचं फुप्फुस फार नाजूक असतं, माणसाला वास येणार नाही इतकी वाफही त्यांना बाधते. मत्स्यटाकी असेल तर आणखी सांभाळा. कोळ्याची बरीच औषधं माशांना अतिशय विषारी आहेत, टाकीचा हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. कूलर चालू ठेवून आत फवारणं म्हणजे औषध घरभर फिरवणं.

आयसीयूतली_सिस्टर
फवारणाऱ्यानं स्वतःचं पण बघा. कोविडच्या वेळचा एन95 मास्क बारीक थेंब थोडे अडवतो, औषधाची वाफ नाही. त्यासाठी कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, नायट्राइलचे हातमोजे. घरकामाचे पातळ प्लास्टिकचे मोजे फाटतात. मारून झालं की आधी मोजे घातलेलेच हात साबणानं धुवायचे, मग मोजे काढायचे. कपडे वेगळे धुवायचे. आणि फवारताना तंबाखू, चहा, मोबाइल काही नाही.

चहाबाज_नवीपेठ
चहा नाही? मग मी नाही फवारणार.

जुनीमिल_अण्णा
काय बे, एका कोळ्याला मारायला अंतराळवीराचा वेश.

सांगोल्याचा_डाळिंबवाला
अण्णा, आमच्या बागेत पण लोक असंच म्हणतात. मग संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून झोपतात.

सावळेश्वरची_अनू
तुळशीवर पण कोळी आहे. तिला हेच मारू का? सकाळी दोन पानं तोंडात टाकायची सवय आहे घरात सगळ्यांना.

मास्तर_मुरारजीपेठ
नाही. तुळस, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ज्याचं पान पोटात जातं त्याला नाही. वांग्यावरसुद्धा फवारणी आणि तोडणी यात ठरावीक दिवस थांबावं लागतं. तुळशीचं असं कुणी ठरवून दिलेलं नाही. तुळशीला पाणी, साबण, आणि फार लागलं तर शेंडे छाटून टाका. ती चटकन फुटते.

फार्मसीवाला
आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण बाल्कनीवाली ताई सगळं वाचून गोंधळल्या असतील. मी काय केलं असतं ते लिहितो, जमलं तर घ्या.
ज्या झाडाला जाळी धरलीय त्याची सगळ्यात खराब पानं कापून बंद पिशवीत घाला. उरलेलं झाड पाण्यानं धुवा, कारण जाळीवर औषध टिकत नाही, थेंब वरच राहतात. एक दिवस वाळू द्या. एकाच झाडाच्या एका पानावर आधी मारून तीन दिवस बघा. चट्टा उठला नाही तर बाकीच्यांवर. अर्धा लिटर पाण्यात 0.4 मिली, जास्त नाही, आणि उरेल इतकं बनवायचंच नाही. फवारा पानांच्या खालच्या बाजूनं, ओघळ सुटेपर्यंत. उरलंच तर त्याच कुंड्यांवर संपवा, नालीत किंवा बेसिनमध्ये नको. सावलीत पूर्ण वाळल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी आत आणा. नातीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.
आठवड्यानं कागदाची परीक्षा परत करा. दुसरी फवारणी लागलीच तर दुसऱ्या गटाचं, म्हणजे कोळ्याला वेगळ्या तऱ्हेनं मारणारं औषध असेल तर उत्तम, कारण कोळी एकाच औषधाला फार लवकर सरावतो. पण दुसऱ्या औषधासाठी दुसरी अख्खी बाटली घरात आणणार असाल तर मी म्हणेन, परत पाणी आणि साबणच.

मास्तर_मुरारजीपेठ
म्हणजे आलात माझ्याच मतावर.

फार्मसीवाला
अर्ध्या मतावर, मास्तर.

होटगीरोडची_सुमा
आणि अरेका फारच गेलं असेल तर टाकून द्या. नर्सरीत दीड-दोनशेला मिळतं. मी गेल्या वर्षी एका अरेकाच्या मागे साबण, तेल, औषध असा महिना घालवला, मग टाकलंच. जास्त खत, खासकरून युरिया, घालणं पण थांबवा. लुसलुशीत पानावर कोळी जास्त येतो.

बाल्कनीवाली
सगळ्यांना धन्यवाद. ठरवलंय असं: अरेका बाद. क्रोटॉन आणि मनीप्लँट नुसतं धुवून पुसणार. अलोकेशिया यजमानांचं लाडकं आहे, तेवढं एक गच्चीवर नेऊन फवारणार, तेही वाळवण उठल्यावर. बजरिगर बेडरूममध्ये. बाटलीत मात्र बरंच औषध उरणार, त्याचं काय करू?

सांगोल्याचा_डाळिंबवाला
मूळ बाटलीतच ठेवा, लेबलासकट, कुलपात, स्वयंपाकघरापासून लांब. कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही, कुणाला "थोडं" काढून द्यायचं नाही. पुढच्या वेळी सांगोल्याकडं कुणी येणार असेल तर बंद बाटली तशीच पाठवा, आमच्या वांग्याला लागेल. रिकामी झाली की तीनदा पाण्यानं विसळून ते पाणी फवाऱ्यातच घालतात, मग बाटलीला भोकं पाडतात, म्हणजे भंगारवाला धुऊन तेल भरायला वापरणार नाही.

जुनीमिल_अण्णा
आणि माझ्या डायकोफॉलचं?

सांगोल्याचा_डाळिंबवाला
अण्णा, झाकण घट्ट, कुलपात. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, बंदी आलेलं औषध कुठं जमा करायचं ते. नालीत ओतू नका, जाळू नका.

शुभदा_कुमठा
माझ्या ऑर्किडवर पांढरा कापूस आलाय, त्याला पण हेच स्पायरोमेसिफेन का?

मास्तर_मुरारजीपेठ
तो पिठ्या ढेकूण असणार, त्याचं सगळंच वेगळं. नवा धागा काढा, फोटोसह.